पिसं उडतात, पण फेझंट पडत नाही: काडतूस बदलण्याआधी काय तपासायचं

दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, इथे गोव्यात, सत्तरी तालुक्यात काजू मोहोरायला लागले की माझा फोन वाजतो. पलीकडे इंग्लंडात स्विंडनला असलेला भाचा. "मामा, परत तेच झालं. बार लागला, पिसं उडाली, आणि कोंबडा तसाच निघून गेला. आता कुठलं काडतूस घेऊ?" कोंबडा म्हणजे फेझंटचा नर. फेझंट हे आपल्या रानकोंबड्याच्याच कुळातलं पाखरू, तिकडे त्याची शिकार करतात.

गेल्या तीन हंगामांत त्याने तीन काडतुसं बदलली. २८ ग्रॅम छर्ऱ्यांचं सोडून ३२ चं घेतलं, ३२ चं सोडून ३६ चं. खांदा दुखायला लागला, खिसा हलका झाला, आणि प्रश्न आहे तिथेच आहे. तो एकटा नाही. डिचोलीचा एक, पेडण्याचे दोघे भाऊ, सगळ्यांची तक्रार शब्दाशब्दाने तीच. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगून ते अर्धवट राहतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. पिसं उडवून गेलेलं पाखरू वाचलेलं नसतं. त्यातली बरीच कुठेतरी झुडपात बसून दोन-तीन दिवसांत मरतात. नेम पूर्ण चुकला तर पाखराचं काहीच बिघडत नाही. अर्धवट लागलेला बार मला कधीच सहन झालेला नाही, आणि ज्याला तो सहन होतो त्याने बंदूक हातात घेऊ नये असं माझं मत आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. हे सगळं परदेशातल्या, परवाना काढून, हंगामात केलेल्या शिकारीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. म्हादईच्या रानात पहाटे ओरडणारा रानकोंबडा, कुळागरात उतरणारा मोर, पाचोळ्यातून पळणारी चकोत्री ही सगळी फेझंटच्याच कुळातली पाखरं. त्यांच्यावर बंदूक रोखणं गुन्हा आहे. घरात शेतीरक्षणाच्या परवान्याची दुनळी असली तरी ती यासाठी नाही.

कोंबड्या पडतात, कोंबडे जातात

तिकडे गेलेली आपली पोरं आठवडाभर गोदामात किंवा कारखान्यात काम करतात आणि शनिवारी हाक्याला जातात. मीही बारा वर्षं तेच केलं. इंग्लंडात फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत असतो, रविवारी बंद. हंगामभर काठ्या आपटत झाडी हाकली की शेवटी शेवटी एक दिवस हाकेकऱ्यांचा असतो, बीटर्स डे म्हणतात त्याला. त्या दिवशी बंदुका आपल्या हातात. पण तोवर जानेवारी संपत आलेला असतो, आणि पुढच्या विणीसाठी माद्या राखायच्या म्हणून बऱ्याच ठिकाणी "फक्त कोंबडे" असा नियम लावतात. चार महिने बारांचे आवाज ऐकून शहाणे झालेले, अंगाने भरलेले, उंच आणि वेगात येणारे नर तेवढे समोर येतात.

भाच्याला मी विचारलं, डिसेंबरात एक-दोनदा संधी मिळाली होती तेव्हा काय झालं? म्हणाला, "तेव्हा कोंबड्या होत्या ना. दगडासारख्या पडल्या. कोंबडे चिवट असतात मामा, त्यांना जड काडतूसच लागतं."

त्याचं निदान इथेच चुकलं. नर साधारण सव्वा ते दीड किलोचा, मादी किलोच्या आसपास. एवढ्या फरकाने मादीला पुरणारा छर्रा नराला अपुरा पडत नाही. खरा फरक शेपटीचा आहे. नराची चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी ७० ते ९० सेंटीमीटर, त्यातली निम्मी शेपटी. आपली नजर आपोआप त्या लांब आकृतीच्या मध्यावर जाते, आणि नराचा मध्य म्हणजे शेपटीचं मूळ. मादीची शेपूट आखूड, म्हणून तिच्या मध्यावर नजर ठेवली तरी बार अंगात बसतो. त्याच डोळ्याने, त्याच बंदुकीने, त्याच काडतुसाने नरावर टाकलेला बार वीतभर मागे जातो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. कोंबडा येताना दिसला की त्याच्या गळ्यातलं पांढरं कडं शोधा. कडं नसलेलेही नर असतात, तेव्हा चोच पाहा. शेपूट नाहीच असं समजून बंदूक फिरवा. भाच्याचा निम्मा प्रश्न एवढ्यानेच सुटला.

उडालेली पिसं आणि पाखराची चाल पुष्कळ सांगतात. शेपटीचं लांब पीस गिरक्या घेत खाली आलं, तर बार मागे पडला. बार लागताच पाय लोंबकळले, तर छर्रे मागच्या अंगात किंवा पोटात गेलेत. असं पाखरू बरंच दूर जाऊन उतरतं. ते कुठे उतरलं ती जागा डोळ्याने धरून ठेवा आणि कुत्रेवाल्याला लगेच सांगा. पाखरू एकदम सरळ वर चढायला लागलं आणि मग दगडासारखं कोसळलं, तर छर्रा फुप्फुसात गेलेला असतो. ते मेलेलंच सापडतं, मात्र कधी कधी दोन शेतं ओलांडून. एक पंख मोडून तिरकं खाली आलं, तर ते जमिनीला पाय लागताच पळतं, आणि फेझंट पळायला लागला की माणसाच्या हाती लागत नाही. तिथे स्पॅनियल किंवा लॅब्राडॉर कुत्राच हवा, तोही लगेच.

यांपैकी शेपटीचं पीस आणि लोंबकळलेले पाय हीच लक्षणं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर काडतूस बदलून काही होणार नाही. छर्रे पोचतायत, पण जिथे पोचायला हवेत तिथे नाहीत. किती मागे, याचा हिशेब करून पाहा. पाखरू ताशी ६० किलोमीटरने आडवं जातंय आणि ४० यार्डांवर आहे. छर्ऱ्यांना तिथवर जायला सेकंदाचा सातवा-आठवा भाग लागतो. तेवढ्यात पाखरू दोन मीटरहून जास्त पुढे सरकलेलं असतं. पंचवीस यार्डांवर हेच अंतर सव्वा मीटरच्या घरात येतं. बंदूक थांबवून चाप ओढला की बार मागेच पडणार. चाप ओढताना आणि ओढल्यावरही नळी फिरत राहिली पाहिजे.

कागदावर बार टाका

आता नेम ठीक आहे असं धरू. तरीही पाखरं जखमी होऊन जात असतील, तर बंदूक आणि काडतूस यांचं एकमेकांशी जमतंय का ते बघायचं. डब्यावरची जाहिरात वाचून ते कळत नाही, दुकानदाराला विचारूनही नाही. एकाच कंपनीचं, एकाच नंबरचं (नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार) काडतूस एका बंदुकीतून छान पसरतं आणि दुसऱ्या बंदुकीतून भोकं ठेवून जातं. हे पाहायला कागद लागतो, एवढंच.

साधारण सव्वा मीटर लांब-रुंद कागद चौकटीला ठोका. मागे माती किंवा बांध असलेली, परवानगीची जागा हवी. क्लेच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्यांवर सराव करायच्या, बऱ्याच मैदानांवर यासाठी लोखंडी पत्राही असतो. मात्र पत्र्यावर स्टीलचे छर्रे कधीच मारू नका, ते उलटून अंगावर येतात. कागदाच्या मध्यावर मूठभर काळा ठिपका काढा. ४० यार्ड म्हणजे ३६.५ मीटर मोजून उभे राहा आणि ठिपक्यावर एक बार टाका. नंतर जिथे छर्रे सर्वात दाट पडलेत तिथे मध्य धरून ३० इंच, म्हणजे ७६ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. आधी वर्तुळ काढून त्यात बार टाकायचा नाही. मग वर्तुळातली भोकं मोजा.

एका कागदावर निकाल ठरवू नका. प्रत्येक काडतुसाचे निदान पाच कागद, दोन्ही नळ्यांचे वेगवेगळे. पोरं इथेच कंटाळतात. एक दुपार जाते, पण दोन हंगामांची फरपट वाचते. मी स्वतः दोन वर्षं हे टाळलं आणि त्या दोन वर्षांतली काही पाखरं मला आजही आठवतात.

किती भोकं हवीत? फेझंटसाठी वर्तुळात १२० च्या वर छर्रे असावेत, असा तिकडचा जुना हिशेब आहे आणि तो पटण्यासारखा आहे. त्यापेक्षा विरळ झाले की छर्ऱ्यांच्या मधून पाखराचा जीवघेणा भाग सुटतो आणि एखादाच छर्रा कुठेतरी बसतो. आकड्याबरोबर डोळ्यांनीही बघा. चहाची बशी मावेल एवढ्या रिकाम्या जागा वर्तुळात दोन-तीन ठिकाणी दिसल्या, तर एकूण आकडा चांगला असूनही ती जोडी वाईट.

कागदावर जाण्याआधी अंदाज बांधता येतो. इंग्लंडच्या नंबराप्रमाणे २८ ग्रॅम, म्हणजे एका औंसात, शिश्याच्या ५ नंबरचे साधारण २२०, ६ नंबरचे २७० आणि ७ नंबरचे ३४० छर्रे मावतात. ४ नंबरचे जेमतेम १७०. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला आवळ. ४० यार्डांवर त्या वर्तुळात शिश्याचे किती टक्के छर्रे पडतात ते त्यावर ठरतं: अजिबात आवळ नसेल तर ४० टक्के, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ५०, क्वार्टरला ५५, हाफला ६०, फुलला ७०. आता गुणाकार करा. ३० ग्रॅम ६ नंबरचं काडतूस, छर्रे २८५ च्या आसपास, क्वार्टर चोक: १५७. उत्तम. ३० ग्रॅम ५ नंबर, छर्रे सुमारे २३३, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर: ११६. चाळीस यार्डांना थोडं कमी. तेच हाफ चोकला १४० होतात. ३६ ग्रॅम ४ नंबर, छर्रे सव्वादोनशेहून कमी, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर: १०८. म्हणजे भाच्याने पैसे जास्त दिले, खांद्याला जास्त सोसलं आणि वर्तुळ आधीपेक्षा विरळ केलं.

त्याने अखेर कागद टाकले. उजवी नळी क्वार्टर, डावी थ्री-क्वार्टर. त्याचं पहिलंवहिलं २८ ग्रॅमचं ६ नंबरसुद्धा उजव्या नळीतून १४० च्या वर येत होतं. सोडून देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

नंबरांचा घोळ

अमेरिकेत असलेल्या मित्राने "५ नंबर घे" म्हटलं आणि तुम्ही इंग्लंडात ५ नंबर घेतलं, तर ती एकच वस्तू नाही. अमेरिकेतला ६ नंबरचा छर्रा २.८ मिलिमीटरचा, आणि इंग्लंडात २.८ मिलिमीटरला ५ नंबर म्हणतात. अमेरिकेतला ५ म्हणजे ३ मिलिमीटर, जवळजवळ इंग्लंडचा ४. इंग्लंडचा ६ हा २.६ मिलिमीटरचा असतो. म्हणून नंबरावर जाऊ नका, डब्यावर मिलिमीटर छापलेले असतात ते वाचा. नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान, हेही नवख्यांना सांगावं लागतं.

क्लेसाठी आणलेली उरलेली काडतुसं फेझंटला वापरण्याचा मोह बहुतेकांना होतो. २४ किंवा २८ ग्रॅम, साडेसात नंबर, २.३-२.४ मिलिमीटर. मातीची थाळी फुटायला एक-दोन छर्रे पुरतात. तो बारीक छर्रा लांबवर जोर गमावतो आणि पिसं व कातडी ओलांडून आत जात नाही. वर्तुळात भोकं भरपूर दिसतात, पाखरू मात्र जखमी होऊन जातं. कागद ही गोष्ट सांगत नाही, म्हणून छर्ऱ्याचा आकार आधी ठरवायचा आणि मगच भोकं मोजायची. शिसं असेल तर इंग्लिश ५ किंवा ६, वजन २८ ते ३२ ग्रॅम. साध्या हाक्याच्या दिवसाला याहून वेगळं काही लागत नाही.

माडाची उंची

"उंच होता मामा, खूप उंच." किती? आपल्याकडच्या माणसाला अंतर सांगायला माड बरा. बागायतीतला जुना उंच माड २० ते २५ मीटरचा असतो. त्याच्या शेंड्यावरून गेलेलं पाखरू म्हणजे २५ ते २७ यार्ड. हे चांगलं, सोपं, बार टाकण्याजोगं अंतर आहे, पण मोकळ्या आभाळाखाली ते दुप्पट वाटतं. माडावर निम्मा माड ठेवला तर ४० यार्ड. तिथे चांगल्या हाताने चांगल्या जोडीचा बार टाकावा. माडावर अख्खा माड ठेवला, तर बंदूक खाली घ्या. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि पुढच्या सुट्टीत वाळपईला आला तेव्हा मोबाईल हातात धरून तो तासभर माडांकडे बघत होता.

अंतर कळलं की चोकचा प्रश्न उलटा दिसतो. लोक आवळ वाढवायला धावतात. पण २० यार्डांवर फुल चोकचा मुख्य झोत साधारण ४० सेंटीमीटरचा असतो, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा ६५ च्या आसपास. बहुतेक पाखरं ३० यार्डांच्या आत येत असतील, तर फुल चोक म्हणजे स्वतःहून जाळं लहान करून घेणं. त्यात एक तर चुकतं, नाही तर पाखराच्या चिंध्या होतात, नाही तर कडेचे दोन छर्रे लागून जखमी जातं. क्वार्टर आणि हाफ एवढ्यावर आयुष्य निघतं.

स्टील: इथे मात्र काडतुसाचाच दोष असू शकतो

डिचोलीच्या पोराचं प्रकरण वेगळं होतं. नेम सुरेख. क्लेवर पंचवीसपैकी बावीस-तेवीस. तरी फेझंट जखमी जात होते. कागद टाकायला लावला, तर मधे गुठळी आणि भोवती रिकामी बेटं. तो शिश्याच्या सवयीने फुल चोकमधून स्टील मारत होता, तेही ५ नंबर.

तिकडे वारं शिश्याविरुद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. जमिनीवर पडलेले शिश्याचे छर्रे खडे समजून पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे. ब्रिटनमधल्या नऊ शिकार-संघटनांनी २०२० साली मिळून पाच वर्षांत शिसं सोडायचं आवाहन केलं, आणि २०२५ साली सरकारनेही शिश्याच्या छर्ऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे आज ना उद्या प्रत्येकाला स्टील शिकावंच लागणार.

स्टील हलकं असतं. शिश्याची घनता ११ च्या वर, लोखंडाची आठहून थोडी कमी. त्याच आकाराचा छर्रा हलका, म्हणजे लवकर मंदावणारा. म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा. शिश्याच्या ५ च्या जागी स्टीलचा ३. गणित करून पाहिलंत तर ३.३ मिलिमीटरचा स्टीलचा छर्रा २.८ मिलिमीटरच्या शिश्याच्या छर्ऱ्यापेक्षा वजनाला किंचित जास्तच भरतो, आणि ३२ ग्रॅममध्ये असे सव्वादोनशेच्या आसपास मावतात. म्हणजे संख्या साधारण तीच राहते. पण छर्रा जाडा असल्याने हवा त्याला जास्त अडवते, म्हणून मी स्टीलला ३५ यार्डांची मर्यादा धरतो.

दुसरी गोष्ट चोकची. शिसं मऊ, नळीत चेपतं, चेपलेले छर्रे बाजूला भरकटतात. स्टील चेपत नाही, म्हणून तेवढ्याच आवळातून ते जास्त एकवटून जातं. क्वार्टर चोकमधून स्टील मारलं तरी शिश्याच्या हाफसारखा झोत मिळतो. हाफच्या पुढे जायचंच नाही. जाड, कडक छर्रे अरुंद तोंडातून रेटले की झोत बिघडतो आणि नळीलाही इजा होऊ शकते. डिचोलीच्या पोराने क्वार्टर लावला, ३२ ग्रॅम ३ नंबर घेतलं, आणि पुढच्या पाच कागदांवरची बेटं नाहीशी झाली. त्याच्या बाबतीत काडतूस बदलणं हेच खरं औषध होतं. पण तेही कागदानेच सांगितलं.

जुन्या बंदुकीत स्टील घालण्याआधी गनस्मिथला, म्हणजे बंदूक-कारागिराला दाखवा. साधं स्टील बहुतेक आधुनिक, नायट्रो-प्रूफ (बिनधुराच्या दारूसाठी तपासून शिक्का मारलेल्या) बंदुकांना चालतं. "हाय परफॉर्मन्स" लिहिलेलं असेल, तर नळीवर त्यासाठीचा लिलीच्या फुलाच्या आकाराचा फ्लर-द-ली शिक्का हवाच. आजोबांच्या काळातली, नळीवर वेलबुट्टीसारखे पदर दिसणारी डमास्कस बंदूक असेल, तर स्टीलचा विचारही नको. काडतुसाची लांबीही बघा. नळीत काडतूस बसायची जागा, म्हणजे घर, ६५ मिलिमीटरचं असलं तरी त्यात ७० चं काडतूस कधी कधी बसतं, पण बार उडताना काडतुसाच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घराची लांबी नळीवर कोरलेली असते.

दारू आणि छर्रे यांच्या मधे असलेल्या गादीला वॅड म्हणतात. शिश्यासोबत ती चोथ्याची किंवा प्लॅस्टिकची मिळते. प्लॅस्टिकची वाटी छर्ऱ्यांना नळीपासून वाचवते, झोत थोडा घट्ट येतो. पण शेतात गुरं चरतात, म्हणून बरेच मालक चोथ्याचीच मागतात. सरावाला प्लॅस्टिक आणि शिकारीला चोथा असं केलंत, तर कागद चोथ्याच्या काडतुसाचे टाका. स्टीलला वाटी लागतेच. विरघळणाऱ्या वाट्यांची काडतुसं आता मिळतात.

जड काडतुसाचं खांद्याशी भांडण

जुन्या इंग्रज बंदूक-कारागिरांचा एक ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. ३२ ग्रॅमला सुमारे तीन किलो सत्तर ग्रॅम, ३६ ला जवळजवळ साडेतीन किलो. भाच्याची दुनळी पावणेतीन किलोची. म्हणजे ती २८ ग्रॅमसाठीच घडवलेली. तिच्यात ३६ घातलं की पाचव्या-सहाव्या बारानंतर शरीर धक्क्याची वाट बघायला लागतं, चाप ओढायच्या क्षणी खांदा आक्रसतो, डोकं दस्त्यावरून उठतं आणि नळी थांबते. मग बार मागे. मग पिसं. मग वाटतं, अजून जड काडतूस हवं. ३६ ग्रॅमचे उरलेले डबे मी त्याला एका वजनदार बंदूकवाल्या मित्राला देऊन टाकायला लावले.

एक गोष्ट जिवावरची आहे. आवाज फुसका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला, तर दुसरा बार टाकू नका. बंदूक उघडा, काडतुसं काढा, नळीतून उजेड दिसतोय का बघा. वॅड अडकलेली असेल आणि मागून दुसरा बार गेला, तर नळी फुटते. हीच गोष्ट २० बोअरच्या, म्हणजे १२ पेक्षा बारीक काडतुसाची. ते १२ बोअरच्या नळीत आत सरकून अडकतं आणि वरून १२ चं बसतं. दोन्ही प्रकार एका पिशवीत कधीच ठेवू नका. इथे पावसाळ्यात माझ्या वडिलांची कागदी टरफलाची काडतुसं फुगून नळीत बसेनाशी व्हायची. ते ती डब्यात, चुलीपासून दूर, कोरड्या खोलीत ठेवत. तिकडच्या थंड, दमट गॅरेजातही तीच काळजी घ्या.

अमेरिकेत, साउथ डकोटाकडे असाल तर चित्र थोडं बदलतं. तिथे हाका कमी, कुत्र्यामागून गवतातून चालणं जास्त. पाखरू पायाखालून उठतं आणि पाठ दाखवून दूर जातं. छर्ऱ्याला मागून, शेपटीकडून सगळं अंग ओलांडून आत जायचं असतं, म्हणून तिथे थोडा जाडा छर्रा आणि जास्त वजन योग्य ठरतं: त्यांच्या नंबराने ५ किंवा ४, सव्वा औंस. नरच मारायची परवानगी आहे, आणि बऱ्याच सरकारी जमिनींवर शिसं चालत नाही.

यानंतरही अडलं तर जरूर विचारा. पण विचारताना एवढं लिहा: बंदूक किती किलोची, दोन्ही नळ्यांचे चोक कोणते, काडतुसाच्या डब्यावर ग्रॅम आणि मिलिमीटर किती छापलेत, वॅड कसली, पाखरं साधारण किती माड उंच होती, उडाली ती पिसं शेपटीची की अंगाची. आणि पाच कागदांचे फोटो, वर्तुळ काढून, भोकं मोजून. भाच्याने या वर्षी फोन करण्याआधी दहा कागदांचे फोटो पाठवले, पाच उजव्या नळीचे, पाच डाव्या. डावीचा मध्य ठिपक्यापासून चार बोटं खाली आहे. दस्ता त्याच्या गालाला थोडा कमी उंच पडतोय का, ते आता गनस्मिथला दाखवायचंय.